आईच्या माघारी

सुहासिनी आरशासमोर साडीच्या निऱ्यांना पिन लावत होती, तोच केया आत आली आणि पलंगाच्या काठावर बसली.

"आई, माझ्या आजच्या शोला तू नाही आलीस तर चालेल?"

पिन बोटात घुसली.

"का गं? डॅलस काय लांब आहे आपल्या फ्रिस्कोहून?"

"लोक विचारतील. सगळ्यांना वाटतं की, यू नो..."

"मी मेले."

केया आपल्या नक्षीदार काउबॉय बुटांकडे बघत राहिली. बूट घालून थेट बेडरूमपर्यंत आली होती कार्टी! एरवी सुहासिनीने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तेही सुचलं नाही.

मागच्या वर्षी सुहासिनीच्या आजारपणात डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा केया नॅशव्हिलहून धावत आली होती. उशाशी गिटार घेऊन बसायची. त्या दिवसांत सुचलेल्या गाण्यांचा अल्बम झाला, सगळी गाणी गेलेल्या आईची. आणि आई गेलीच नाही! नवं औषध लागू पडलं, निदान सध्यापुरतं, आणि सुहासिनी उठून वरणभात मागू लागली. पण तोवर रेकॉर्डिंग झालं होतं. अल्बम आला आणि कंट्री म्युझिकवाल्यांनी केयाला उचलून धरलं. आई गमावल्याशिवाय असा आवाज लागत नाही, असं एकाने लिहिलं. महाराष्ट्र मंडळातल्या कांचनने तर सुहासिनीच्या नवऱ्याचं, शैलेंद्रचं सांत्वन करायला फोन केला, तो नेमका सुहासिनीने उचलला. कांचनची बोबडीच वळली. त्या दिवशी नवराबायको पोट धरून हसले होते.

"तू सांगितलंस त्यांना, मी गेले म्हणून?"

"नो! मी फक्त करेक्ट नाही केलं. पहिल्याच इंटरव्ह्यूत तो माणूस रडायला लागला, आई. त्याला कसं सांगणार? आणि आता सांगितलं तर म्हणतील, शी फेक्ड इट. सगळं संपेल माझं."

"मग मी काय करू? मरू?"

केया हमसून रडायला लागली. सुहासिनीला संताप आला होता, अगदी डोक्यात तिडीक गेली होती, तरी हात पदराकडे गेलाच. लहानपणी पुसायची तसं तिने पोरीचं नाक पुसलं.

"मागच्या रांगेत बसेन. कुणाला काही सांगणार नाही. पण ऐकायला मी येणार."

तिने साडी सोडली आणि साधी काळी पँट चढवली.

हॉल खच्चून भरला होता. शेवटचं गाणं जेवणाच्या टेबलाशी रिकाम्या राहिलेल्या खुर्चीचं होतं. आजूबाजूची माणसं डोळे पुसत होती. सुहासिनीलाही रडू फुटलं. कुणासाठी, ते तिचं तिलाच कळेना.

शो संपल्यावर शैलेंद्र गाडी आणायला गेला. बाहेरच्या दालनात केया टेबलाशी बसून रेकॉर्डवर सह्या करत होती. सरळ दाराशी जायचं ठरलं होतं, पण सुहासिनीचे पाय तिकडे वळले. रांगेत पुढे असलेली एक पांढऱ्या केसांची अमेरिकन बाई तिच्याकडे टक लावून बघू लागली.

"तुम्ही केयाच्या कुणी आहात का? डोळे अगदी तिचे आहेत," तिने इंग्रजीत विचारलं.

केयाचं पेन थांबलं.

"मी तिच्या आईची बहीण," सुहासिनी इंग्रजीतच म्हणाली.

बाईने तिचे दोन्ही हात धरले. "माझी मुलगी गेली हो. या गाण्यांवर मी तगून आहे. कशी होती तुमची बहीण?"

सुहासिनीने केयाकडे पाहिलं.

"हट्टी होती. पोरीने कॉलेज सोडून गिटार धरली, तर कित्येक महिने बोलली नाही तिच्याशी. पण पोरीचं गाणंन् गाणं पाठ होतं तिला. पोरीला सांगायचं तेवढं राहून गेलं."

बाईने तिला घट्ट मिठी मारली. बाहेर शैलेंद्रने हॉर्न दिला. केया उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने सुहासिनीचा दंड धरला.

"चल, मावशी," ती मराठीत म्हणाली.

'आई' म्हटलं असतं, तरी तिथे कुणाला कळणार होतं!