कोरी ओळ

मित्रांनो, मघाशी फळ्यासमोर तुमच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी का आलं, असं तुम्ही एकमेकांना विचारताय. 'धूळ गेली असेल,' असं कुणीतरी म्हणालं. धूळ माझ्याकडे भरपूर आहे, ते खरं. पण कारण ते नाही. बस यायला अजून वेळ आहे, तेव्हा पायरीवर नीट टेकून बसा आणि ऐका. मी या शहराच्या शेअर बाजाराची जुनी इमारत आहे, आणि तुमच्या बाईंच्या वडिलांचं नाव माझ्यामुळे धुळीला मिळालं आहे.

मला बांधायला नऊ वर्षं लागली. दगड नदीपलीकडच्या खाणीतला, लाकूड बोटीने आणलेलं. मोठ्या दालनावर काचेचा घुमट बसवला, म्हणजे दलालांना भाव दिव्याशिवाय वाचता यावेत. त्या घुमटाचं कौतुक किती व्हायचं म्हणता! लोक वर बघत चालायचे आणि पुढच्या माणसावर जाऊन आदळायचे. मीही जरा हवेतच होते तेव्हा.

कंपन्यांचे लहान लहान हिस्से घ्यायचे आणि विकायचे, हा दालनातला उद्योग. सकाळी दहाची घंटा झाली की तीनशे दलाल एकदम ओरडू लागत. नवख्याला वाटे, आता डोकी फुटणार! समोरच्या भिंतभर काळा फळा होता. त्यावर प्रत्येक कंपनीची एक ओळ आणि त्या ओळीत तिच्या हिश्शाचा ताजा भाव. तो लिहायचं काम खडूकाकांचं. खडूकाका म्हणजे तुमच्या बाईंचे बाबा. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं.

फळ्याचा एक कडक नियम होता. नवा भाव आधी शेजारी लिहायचा, मगच जुना पुसायचा. ओळ कोरी ठेवायची नाही, कारण कोरी ओळ म्हणजे कंपनी बुडाली, सौदे बंद. एकवीस वर्षांत खडूकाकांच्या हातून एकही ओळ कोरी राहिली नाही. शिंक आली तरी आधी आकडा पुरा करत, मग शिंकत. शाळा सुटली की त्यांची लेक याच पायरीवर येऊन बसायची. काका बाहेर आले की दोघं एकमेकांच्या अंगावरचा खडू झटकत घरी जात. मला ते बघायला फार आवडायचं.

पुढे घुमटाची एक काच तडकली. पाऊस आला की पाणी गळायचं, ते थेट फळ्याच्या उजव्या टोकावर. खडूकाका तीनदा इमारतीची देखभाल बघणाऱ्या चिटणीससाहेबांकडे गेले.

"साहेब, वरून गळतंय. एखाद्या दिवशी घोटाळा होईल."

"बघू, बघू. आधी शंभरीचा समारंभ पार पडू दे."

माझ्या शंभरीला दर्शनी भिंतींना रंग लागला, पायऱ्यांवर लाल गालिचा आला. वर मात्र कुणी चढलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तो गालिचा आवडला होता. आज त्याची लाज वाटते.

समारंभानंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, जोराची सर आली. खडूकाका शिडीवर उभे राहून फळ्याच्या डाव्या टोकाला लिहीत होते. उजव्या टोकाला सूतगिरणीची ओळ होती. काचेतून पाणी ओघळलं, फळ्यावर उतरलं आणि गिरणीचा भाव धुऊन गेलं.

"गिरणीची ओळ कोरी!" कुणीतरी किंचाळलं.

मग काय विचारता! जो तो 'विका, विका' करत सुटला. खडूकाका शिडीवरून जवळजवळ उडी मारूनच खाली आले. धावत जाऊन त्यांनी भाव पुन्हा लिहिला. "अहो, गिरणी चालू आहे! नुसतं पाणी पडलंय!" ते घसा फोडून सांगत होते. पण ऐकतोय कोण? मान वर करून बघतोय कोण? अर्ध्या तासात भाव चौथाईवर आला. किती घरांची जन्माची पुंजी गेली. गिरणी धडधाकट आहे, हे संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी खडूकाकांना वरच्या खोलीत बोलावलं.

"ओळ पुसायचे किती मिळाले?" बाजाराच्या अध्यक्षांनी विचारलं.

"मी पुसली नाही, साहेब. पाणी आलं. चिटणीससाहेबांना मी तीनदा सांगितलं होतं."

चिटणीससाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला कुणी काही सांगितलेलं नाही."

मित्रांनो, मी सगळं पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं. मला तोंड असतं तर! रविवारी बाजार बंद असताना चिटणीससाहेबांनी गवंडी आणला. काचेच्या फटीत डांबर भरलं, ओल आलेल्या भिंतीवर चुना फासला. सोमवारी अध्यक्षांनी मान वर करून पाहिलं, तर सगळं कोरडं ठणठणीत.

खडूकाकांना काढून टाकलं. जाताना त्यांनी खिशातला उरलेला खडू दारावरच्या शिपायाच्या हातात ठेवला. "हा बाजाराचा आहे," म्हणाले. लेक पायरीवर बसलेलीच होती.

"बाबा, आज लवकर?"

"हो गं. आज लवकर सुटलो."

त्यानंतर दोघंही इथे आले नाहीत.

पुढे भाव संगणकाच्या पडद्यांवर दिसू लागले, दलाल दुसरीकडे गेले, घंटा मुकी झाली. घुमटात पारव्यांनी बिऱ्हाडं थाटली. डांबर कधीच फुटलं, पण कुणाला त्याचं काय? आता माझं दालन फक्त दाखवायचं उरलंय. माहिती सांगणारे दादा प्रत्येकाला तीच गोष्ट सांगतात, "एका लबाड माणसाने पैसे खाऊन इथली ओळ पुसली होती." किती वर्षं ऐकतेय मी हे!

आज त्या दादांनी गंमत म्हणून तुम्हाला फळ्यावर भाव लिहायला लावले. गृहपाठाचा भाव शून्य कुणी लिहिला, तेही मी पाहिलंय बरं का! मग त्यांनी लबाड माणसाची गोष्ट काढली, आणि तुमच्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर पाऊस होताच. त्याच काचेतून, त्याच जागी पाणी उतरलं.

"अय्या, माझी ओळ गेली!" तुमच्यातली एक ओरडली. "शप्पथ, मी हातसुद्धा लावला नाही!"

बाईंनी वर काचेकडे पाहिलं, मग कोऱ्या ओळीकडे.

"बाबा हेच सांगायचे," त्या हळूच म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी गेले, तोवर हेच सांगत होते. आणि मी... मलासुद्धा कधी कधी वाटायचं, की खरंच यांनी..." आणि त्यांचे डोळे भरून आले.

खडूकाकांना जाऊन नऊ वर्षं झाली. माझी साक्ष फार उशिरा झाली, मित्रांनो. म्हणून एकच मागते. कुणी 'वरून गळतंय' म्हणून सांगितलं, तर तेव्हाच मान वर करून बघा. माझ्यासाठी नाही, मी दगडाची आहे. सांगणाऱ्या माणसासाठी बघा.

ती बघा, बस आली. उठा आता. आणि कुणीतरी बाईंचा हात धरा. पायऱ्या ओल्या आहेत, आणि त्यांना समोरचं नीट दिसत नाहीये.