गल्लीतला ताणा

न्यायालयाचा निकाल विणकरांच्या, म्हणजे कोष्टीपुऱ्याच्या, बाजूने लागला होता: वॉर्ड लोकसंख्येने समान असावेत आणि एकसंध वस्ती विनाकारण तोडू नये. नगरपालिकेने पहिली अट पाळली आणि दुसरीतून पळवाट काढली. गल्ली हा सार्वजनिक रस्ता, सबब तिच्या दोन बाजू म्हणजे दोन वस्त्या. नवी सीमारेषा गल्लीच्या मधोमध गेली, कोष्टी दोन्ही वॉर्डांत अल्पमतात आले आणि कोष्टीपुऱ्यातून निवडणुकीला उभ्या राहिलेल्या अनुसयेची उमेदवारी मतदानाआधीच हरली.

तिने हरकत घेतली. पाहणीसाठी वॉर्डरचनेचे अधिकारी शरदचंद्र साहेब बालाघाटहून जीपने यायचे होते.

त्या सकाळी तिने नवऱ्याला, डोमाजीला, ताणा लावायला सांगितले. साडीचे उभे धागे गल्लीभर ताणून त्यांना खळ लावायची. ओले असताना उचलले तर धागे चिकटून माल वाया जातो. एका घराला हे काम झेपत नाही. समोरचा महागू आणि त्याची सून नेहमीप्रमाणे पलीकडून कुंचा फिरवीत होते.

जीप गल्लीच्या तोंडाशी अडली.

"हे उचला," शरदचंद्र म्हणाले.

"वाळल्यावर उचलू, साहेब."

"सार्वजनिक रस्ता अडवता येत नाही, बाई."

"रस्ता? आज्यापासून अठी खळच लागून राह्यली. जीप तं आजच आली."

"साहेबाले थोडी पेज देऊ का, वहिनी?" महागूने विचारले. "खळीतली उरली हाये."

सून पदराआड हसली. शरदचंद्र हसले नाहीत. "मला गुन्हा नोंदवावा लागेल."

डोमाजी चरकला. "अवं, उचलून घेऊ न. काहून भांडून राह्यली?"

अनुसयेचा कुंचा थांबला नाही. "लिहा माह्यावर. महागू भाऊजीवरही लिहा."

"हौ, लिहा," महागू म्हणाला.

"पण दिसते तसं लिहा, साहेब. दोन्ही बाजूच्या लोकायनं मिळून एकच ताणा लावला, म्हणून वाट अडली. मंग तुम्हीच सांगा, वस्ती एक हाये का दोन."

शरदचंद्रांनी पेन उघडले आणि तसेच धरून ठेवले. गुन्हा खरा लिहिला तर सीमारेषा खोटी ठरत होती.

"दंड होईल," ते म्हणाले.

"होऊ द्या."

त्यांनी लिहिले. अनुसयेने ते मोठ्याने वाचायला लावले. 'दोन्ही बाजूंनी मिळून' हे शब्द कानी पडल्यावरच तिने हात पुसून सही केली.

"आता जीप हळू मागं घ्या," ती ड्रायव्हरला म्हणाली. "धूळ बसंल धाग्यावर."