दिसतंय की आठवतंय

लातुरात एक काळ असा होता, की पोराला डॉक्टर करायचं तर आधी त्याला पाशामियाँच्या पाटीखालून न्यावं लागे. क्लासच्या गल्लीतली निम्मी नावं त्यांच्याच ब्रशातून उतरलेली. फिजिक्सवाल्या सरांचं नाव लाल, केमिस्ट्रीवाल्यांचं निळं, आणि प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात खाली बारीक, तिरकी सही: पाशा. पुढं फ्लेक्स आले. मियाँनी फ्लेक्सला पोटभर शिव्या घातल्या, पण हातातला ब्रश ठेवला नाही. तो ठेवायला लावला डोळ्यांनी.

दोन्ही डोळ्यांतला पडदा मधोमध झिजला. कडेकडेचं दिसे, त्यामुळं चालता येई, चहाचा कप सापडे. पण ज्याच्याकडं बघावं तेच नेमकं पुसलेलं. समोर माणूस आला तर त्याचे कान दिसत, चेहरा नाही. बायकोला, आबेदाला, ते म्हणायचे, "तू आता म्हातारी व्हायची न्हाईस. मला दिसतंय कुठं?" आबेदा हसायची आणि आत जाऊन पदरानं डोळे पुसायची.

सहासष्टाव्या वर्षी हैदराबादच्या एका दवाखान्यात त्यांच्या उजव्या डोळ्यात, पडद्याखाली, तांदळाच्या कणीएवढी चकती बसवली. प्रयोगच होता तो. फायदा होईलच असं नाही, हे डॉक्टरांनी चारदा बजावलं. सोबत कॅमेऱ्याचा जाड चष्मा आणि कमरेला एक डबी. कॅमेऱ्यानं बघायचं, चकतीनं घ्यायचं आणि मेंदूनं शिकायचं; यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. पहिले दोन महिने मियाँना नुसते पिवळे ठिपके लुकलुकताना दिसले. भोकरच्या केवळाबाईंनाही हीच चकती बसवली होती. त्यांचं डोकं इतकं ठणकायचं की त्यांनी चष्मा फळीवर ठेवून दिला, आणि त्यांना कुणी नावं ठेवू नयेत. मियाँ मात्र हटले नाहीत. आबेदा काळ्या पुठ्ठ्यावर खडूनं अक्षर काढायची आणि ते तासतासभर मान बोटबोटभर सरकवत त्याचा माग काढायचे. बसल्या जागी सदरा घामानं भिजायचा. जिद्द म्हणतात ती हीच.

दर पंधरा दिवसांनी नांदेडच्या केंद्रात सराव असे. तो घेणारी साक्षी मुखेडची, लातुरात त्यांच्याच पाटीखालच्या क्लासला शिकून गेलेली. सहाव्या महिन्यात मियाँनी तिच्यापुढं कार्डांमागून कार्डं वाचली. "उदगीर. किनवट. मुरुड."

साक्षी थांबली. "चाचा, हे मुरुड न्हाई, मुरुम हाय. शेवटचं अक्षर बघितलं का तुम्ही?"

मियाँनी मान हलवली. बघितलं नव्हतं. "बेटा, चाळीस वर्षं पाट्या केल्या. 'मुरु' आलं की 'ड' आपोआप येतो."

"तो तुमच्या हाताला येतो. आम्हाला डोळा तपासायचाय." साक्षीचा आवाज मऊ होता, पण ती मागं हटली नाही. "दिसंल तेवढंच सांगा, न्हाई दिसलं तर न्हाई म्हना. तुमच्यामागं लई लोक थांबलेत, चाचा. तुमच्या अंदाजाचा त्यांना काय उपेग?"

दुसऱ्यांदा बसले तेव्हा दहापैकी तीन कार्डं आली. परत येताना एसटीत त्यांनी आबेदाला विचारलं, "मला दिसायलंय का आठवायलंय?" त्यानंतर मियाँना ती तीन कार्डंही खरी वाटेनात. घरातलं कॅलेंडर, चौकातली पाटी, दुकानाचं नाव, सगळं ओळखीचं. त्यातलं डोळ्यानं किती आणि डोक्यानं किती, कसं सांगणार? एवढी कणी डोळ्यात घेऊन आपण स्वतःलाच फसवतोय की काय, या विचारानं जेवण जाईना.

अशात सप्टेंबर संपत आला आणि सटवाजीचा फोन आला. "पाशाभाई, औंदा तरी भिंतीला या."

ही भिंत किल्लारीच्या पट्ट्यातली. त्र्याण्णवच्या भूकंपात सटवाजीचं गाव झोपेत गाडलं गेलं. नवं गाव वसलं तेव्हा शाळेशेजारी एक काळी भिंत बांधली आणि गेलेल्यांची एकसष्ट नावं पाशामियाँनी तिच्यावर पांढऱ्या रंगात काढली. तिसऱ्या ओळीत सटवाजीची बायको, पारूबाई. दर तीस सप्टेंबरच्या आधी येऊन मियाँ नावं पुन्हा उजळायचे. मजुरी कधी घेतली नाही, आणि आयुष्यात या एकाच कामावर सही केली नाही. गेलेल्यांच्या भिंतीवर आपलं नाव कशाला, म्हणायचे. डोळे गेले तसं त्यांचं येणं थांबलं, त्याला आठ वर्षं झाली होती.

मियाँ आबेदासोबत गेले. सटवाजीनं हात धरून मियाँना भिंतीपुढं उभं केलं. मियाँनी चष्मा चढवला, डबीची कळ फिरवली. अक्षरं लुकलुकत उभी राहिली. पहिली ओळ, दुसरी ओळ. "पारूबाई," ते म्हणाले. सटवाजीनं डोळे मिटून घेतले. जमलेल्या बाया कौतुकानं बघत राहिल्या.

पण मियाँचं तोंड उतरलं. "हे वाचणं न्हवं, सटवाजी. ही एकसष्ट नावं मला झोपंतबी पाठ हायत."

शेवटचं नाव झालं. पाटी संपली की उजवा कोपरा बघायचा, ही जन्माची सवय. मान तिकडं वळली. तिथं कोरी भिंत असायला हवी होती, पण काहीतरी लुकलुकलं. आधी एक आडवी रेघ आणि तिच्याखाली बारीक, तिरकं काहीतरी. रंग ओघळला असेल, असा अंदाज मनात आला. मियाँनी तो तिथंच दाबला. दिसंल तेवढंच. ते जवळ सरकले, डबीची कळ फिरवून अक्षर मोठं करून घेतलं. एक उभी काठी. तिच्या डावीकडं पोट. 'प'. पुढं काना. मग बराच वेळ काही लागेना. घाम कानावरून खाली उतरला. गाठ, तिरपी शेपटी, काठी. 'श'. आणि पुन्हा काना.

मियाँ सटवाजीकडं वळले.

"कुणी काढलं हे?"

"म्याच," सटवाजी ओशाळून म्हणाला. "तुम्ही येईना झालात, नावं फिकी पडाय लागली. दुसऱ्या पेंटरला हात लावू दिला न्हाई. मला कुठं लिहिता येतंय, तुमच्याच रेघंवरून दरसाल ब्रश फिरवत आलो. सहीबी गिरणीवरल्या तुमच्या जुन्या पाटीवरून कागद ठिवून उतरवली, गेल्या साली. ही नावं कुणी राखली, हे पुढच्यांना कळाय नको? गेलेल्यांत मोडू नये म्हनून मधी रेघ मारली."

मियाँच्या डोळ्यांना धार लागली, चकती बसवलेल्याला आणि दुसऱ्यालाही. त्यांनी खिशातला फोन आबेदाकडं दिला आणि साक्षीला लावायला सांगितला.

"बेटा, एक शब्द वाचला. लिहून घे. अंदाज न्हाई, आठवण न्हाई. तिथं काय असंल याचा मला पत्ताच नव्हता."

"कोणता शब्द, चाचा?"

ते सांगायचं काम त्यांनी आबेदावर सोपवलं. फोन आबेदानं घेतला. मियाँनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि सटवाजीपुढं हात केला. "ब्रश आना. रेघ वाकडी हाय."