पहिला अर्धा भाग हिलरीकाकांचा

मी बोलतोय. म्हणजे कुणी माझं बटण दाबलं, मला गळ्याला टेकवलं आणि ओठ हलवले, तरच. एरवी मी गप्प. पाहणारे मला दाढीचं मशीन समजतात. त्यांचीही चूक नाही, मी दिसतोच तसा. पण मी आवाज आहे. घशाच्या कॅन्सरमुळे ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांना मी माझी गुणगुण उसनी देतो आणि ते तोंडाने तिचे शब्द करतात. सूर मात्र एकच. राग, लाड, थट्टा, सगळं एका पट्टीत. बाई असो की बुवा, गळा कुणाचाही असो, आवाज तोच. त्यामुळे कुणाच्या सुखदुःखात वाहून जाणं मला जमत नाही.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला; त्यातलं काही आठवत नाही. शहाण्णव साली संपदा नावाच्या स्पीच थेरपिस्टने मला आणलं. ती राहायची बोळिंजला, दवाखाना वसईत, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत. तिथे तोतरी पोरं यायची, पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा यायचे. माझ्या कामाचे पेशंट थोडे, आणि मीही एकटाच, म्हणून ती मला गरजूंना वापरायला द्यायची. नवा पेशंट आला की आधी स्वतःच्याच गळ्याला लावायची, श्वास रोखून नुसते ओठ हलवायची, "नमस्कार, मी संपदा." तिच्या तोंडून माझा घोगरा आवाज आला की समोरचे दचकायचे.

हिलरीकाकाही दचकले. भुईगावला त्यांची केळीची वाडी. गळ्याला श्वासासाठी भोक, त्यावर जाळीचा रुमाल. त्यांची बायको आग्नेस सोबत असायची. "काकू, तुम्ही पण लावून बघा," संपदा म्हणाली, तर आग्नेसने दोन्ही हात मागे घेतले. "नको ग बाय, मला भ्या वाटते."

काका हुशार. मला कुठे टेकवायचं, बटण कधी सोडायचं, सगळं पटकन शिकले. आणि मी त्यांच्याबरोबर भुईगावला गेलो.

तिथे माझं काही चालेना. काकांनी मला गळ्याला लावून "आग्नू, मला जरा..." एवढं म्हटलं की आग्नेस उठलीच. "पानी पायजे ना? आनते, तुमी बसा." त्यांना हवी असायची विहिरीच्या पंपाची चावी. मुलगा स्टॅनी मुंबईत नोकरीला, तो तर पहिल्याच शब्दाला म्हणायचा, "कळलं पप्पा, कळलं." कळलेलं काहीच नसायचं. सगळे मायेनेच करत होते, त्यांना त्रास नको म्हणून. काका हातात पाण्याचा पेला घेऊन बसायचे. पुढेपुढे त्यांनी मला उचलणंच सोडलं. मी कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली.

पुढचं मी नंतर ऐकलं. दवाखान्यात संपदाने विचारलं, "काका, घरी बोलता ना?"

"बोलतात तर!" आग्नेस म्हणाली.

काका खिडकीबाहेर बघत राहिले. संपदाला उमगलं. ती म्हणाली, "नायगावला एकजण या यंत्रासाठी थांबलेत, त्यांचंही ऑपरेशन झालंय. तुम्हाला नको असेल तर शनिवारी येऊन घेऊन जाते." मी गेलो असतो तर काका कायमचे मुके झाले असते. हे त्या खोलीत दोघांनाच कळत होतं, त्यांना आणि तिला.

शनिवारी ती पोचली तेव्हा घरात रोझरी, म्हणजे संध्याकाळची माळेची प्रार्थना, सुरू व्हायची होती. प्रार्थनेत कसं मध्ये बोलायचं, म्हणून दाराशी खुर्चीत बसली. परत द्यायला आग्नेसने मला पुसून आल्ताराशेजारी, घरातल्या क्रुसाच्या देव्हाऱ्याशेजारी, ठेवलेलं. पूर्वी रोझरी काका चालवायचे. प्रत्येक मण्याला प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग त्यांनी म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी. ऑपरेशननंतर ते काम स्टॅनीकडे आलं होतं, आणि गाडी सुटत असल्यासारखा तो म्हणायचा.

स्टॅनीने तोंड उघडलं, तोच काकांनी हात लांबवून मला घेतलं. गळ्याला टेकवलं.

"नमो..." मी गुणगुणलो.

सवयीने आग्नेसचे ओठ हलले, पण थांबले. पहिला भाग चालवणाऱ्याचा. तो संपल्याशिवाय दुसऱ्याने सुरू करायचा नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. काका सावकाश म्हणत राहिले. घर थांबलं. मग सगळ्यांनी आपला भाग म्हटला आणि पुन्हा थांबले. माळेचा एकेक मणी सरकत होता. इतका वेळ मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो.

माळ संपली. संपदा उठली. काकांनी मला खाली ठेवलं नाही.

"बाय, हे मी..."

आग्नेसने माळ घट्ट धरली. कुणी मध्ये बोललं नाही.

"...परत देनार नाय. त्या नायगाववाल्याला हिते पाठव. मी शिकवतो."

संपदाने पर्स उघडली, नुसता रुमाल काढला आणि डोळे पुसले.

नायगाववाला आला, शिकला, पुढे त्याने स्वतःचं यंत्र घेतलं. आणि काका बोलत सुटले! केळीच्या भावावरून भांडले, कुत्र्यावर खेकसले, स्टॅनीला ऐकवलं. विहिरीवरून दिवसभर एकच हाक, "आग्नू!" त्या घरात मी सर्वांत जास्त वेळा म्हटलेला शब्द हाच.

गेल्या मे महिन्यात काका गेले. आज आग्नेस मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आली. संपदा म्हणाली, "राजोडीचे एक मच्छीमार येणार आहेत सोमवारी." म्हणजे मला पुन्हा काम आहे. त्यांच्या घरच्यांकडे माझं एकच मागणं: त्यांचं वाक्य त्यांनाच पुरं करू द्या.

निघताना आग्नेस दारात थांबली. परत आली. फडकं सोडून तिने मला हातात घेतलं, आपल्या सुरकुतलेल्या गळ्याला टेकवलं, श्वास रोखला आणि ओठ हलवले.

"आग्नू," मी म्हणालो. हिलरीकाकांच्या आवाजात. माझ्याकडे दुसरा आहे कुठे?

तिने हाक पुरी होऊ दिली. मग मला खाली ठेवून, अगदी हळू, तिने ओ दिली.