(३, ०) वरचा मळा

मित्रांनो, मी एक जुना आलेखाचा फळा आहे. कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या काठावरच्या एका हायस्कुलात दहावीच्या वर्गात मी टांगलेला असतो. अंगभर पिवळे चौकोन आणि मधोमध दोन जाड अक्ष. गुंडू सुताराने मला रंगवलं, तेव्हा एकही रेघ वाकडी गेली नाही, याचा मला फार तोरा होता. आता तो उरलेला नाही.

एके वर्षी गावात पाण्याची नवी योजना आली. नदीवर एकच जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बांधायची आणि तिथून दोन टाक्यांना पाइप न्यायचे, असं ठरलं. कमीत कमी पाइप कसा लागेल, हे योजनेच्या कमिटीने गणिताच्या जोतीराम सरांना विचारलं. सरांनी प्रश्न माझ्यावरच मांडला. आडवा अक्ष म्हणजे नदी. एक टाकी (१, २) वर, दुसरी (७, ४) वर.

"नदी म्हणजे आरसा समजा. पहिल्या टाकीचं प्रतिबिंब कुठं पडेल?"

वर्गातली राजनंदिनी पुढे आली. तिने नदीपलीकडे (१, −२) वर ठिपका दिला आणि तिथून दुसऱ्या टाकीपर्यंत पट्टीने सरळ रेघ ओढली. नदीवरच्या कुठल्याही बिंदूपासून खरी टाकी आणि तिचं प्रतिबिंब सारख्याच अंतरावर असतात, म्हणून ही सरळ रेघ म्हणजेच सगळ्यांत जवळचा रस्ता. रेघ नदीला (३, ०) वर छेदून गेली. जॅकवेल तिथेच! कमिटीने वाहवा केली, माझा फोटो काढला. मी फुगून गेलो.

त्याच जागी बयाबाईंचा भाजीचा मळा होता. नदीकाठच्या गाळाची जागा, सातबारा नव्हता, म्हणून त्यांना विचारायला कुणी गेलंच नाही. मेथी, पोकळा, वांगी, सगळं जेसीबीने उपसून काढलं. सर रोज त्याच वाटेने शाळेत यायचे.

एक दिवस बयाबाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या. "मास्तर, तुमचं गणित बघाय आलोय. ह्यात माझा मळा कुठं हाय?"

सरांनी मान खाली घातली. "काढायचा राहिला, मावशी."

"मेथीची पेंडी नेताना बरी आठवण व्हती की!"

त्या गेल्या. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. जॅकवेल जरा पलीकडे सरकवली असती, तर पाइप थोडकाच जास्त लागला असता. माझ्यावर तिथला चौकोन रिकामा होता, आणि रिकामा म्हणजे तिथे कुणीच नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सरांनी ऑइलपेंट आणून (३, ०) वर एक हिरवा चौकोन रंगवला. जॅकवेल काही हलली नाही. बयाबाई आता दुसऱ्यांच्या शेतात तण काढायला, भांगलायला जातात. दरवर्षी हे गणित आलं, की सर त्या चौकोनावर बोट ठेवतात आणि विचारतात, "इथं कोण आहे?" मुलांनी नाव घेतल्याशिवाय ते पट्टी देत नाहीत.

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने पुसा, माझ्या चौकटीतली धूळ झटका. फक्त तो हिरवा चौकोन घासू नका. बयाबाईंचा मळा आता तेवढाच उरला आहे.