गवताची लॉरी

सन छत्तीसच्या माघात कुरवंड्याचा सोपान लॉरी घेऊन लोणावळ्यात महिपती लोहाराच्या भट्टीवर आला. लॉरी तळेगावच्या गोपाळकृष्ण जोगळेकरांची. मावळातल्या वाळल्या गवताच्या गाठी घाटाखाली खोपोलीला पोचवायच्या, हे तिचं काम.

"आबा, वळणावर हिचं मागलं अंग डोलतंय," सोपान म्हणाला. "मी इकडं वळवतो, ती तिकडं झुकती. घाटात भीत भीत हळू हाकतो."

महिपतीची हयात टांग्यांच्या कमानी करण्यात गेली होती. तो लॉरीखाली उताणा शिरला. मागचे धक्के झेलणारे कमानपाटे भारानं सपाट झाले होते. ते आसाला आवळणारे बोल्ट ढिले होते, पिना झिजून निम्म्या उरल्या होत्या. चार दिवस तो त्याच कामात होता. पाटे तापवून पुन्हा बाक दिला, दोन्ही बाजूंना दोन-दोन जाड पाटे जास्तीचे चढवले, बोल्ट आवळले, पिना नव्या घातल्या.

पहिली फेरी करून सोपान हसत आला. "आता भिंतीगत उभी ऱ्हाती, आबा. हलत न्हाई."

महिपतीलाही बरं वाटलं.

आठवड्यानं सकाळीच लॉरी भट्टीवरून गेली आणि त्याच्या हातातला घण थांबला. आधी गाठींचे चार थर असायचे, आज सहा होते. त्यावर गाठी उतरवायला निघालेल्या पाच बाया बसल्या होत्या. लॉरी जोरात गेली. ती डोलायची तोवर सोपान भीत होता, भीत होता म्हणून हळू जात होता. ती भीती आपणच काढून घेतली, हे महिपतीच्या ध्यानात आलं आणि त्यानं घण तिथंच टाकला.

घाट उतरण्याआधी लॉऱ्या खंडाळ्याला पाण्यासाठी, इंजिन निवायला बराच वेळ थांबत. टांगा करून तो तिथं पोचला. लॉरी उभी होती. सोपान इंजिनात पाणी ओतत होता, गोपाळकृष्ण पुढच्या सीटवर बसले होते.

"वरचे दोन थर उतरवा," महिपती म्हणाला.

"का? गाडी तर आता छान चालते," गोपाळकृष्ण म्हणाले. "तुमच्याच हातचं काम आहे."

"पाटे कडक झालेत, साहेब. कलायच्या आधी ती आता डोलून सांगणार न्हाई."

"खोपोलीला माणसं खोळंबली आहेत. उद्यापासून बघू."

महिपतीनं सोपानकडं पाहिलं. सोपान नजर चुकवून म्हणाला, "रस्ता लय चांगला धरती, आबा. तुमी उगा घोर करता."

मग महिपती गाठींवरच्या बायांकडं वळला. "सरूबाई, समद्या खाली उतरा. चालत जावा."

"चार कोस चालू व्हय?" वरून सरूबाई म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून ती दोर धरून खाली आली. तिच्यामागं बाकीच्याही आल्या. गोपाळकृष्ण चिडून काही बोलले, ते इंजिनाच्या आवाजात विरलं. लॉरी गेली.

महिपती परत फिरला नाही. बायांबरोबर तोही घाट उतरू लागला. खालून लॉरीचा आवाज येत होता, वळणागणिक लांब जात होता. मग तो एकदम बंद पडला.

तिसऱ्या वळणाला दरीच्या कडेनं गवत पसरलं होतं. लॉरी कुशीवर पडली होती, मागचं एक चाक वर हवेत होतं. गोपाळकृष्ण गाठींवर फेकले गेले होते, कपाळ फुटलं होतं तेवढंच. सोपान स्टिअरिंगच्या दांड्याखाली अडकला होता. सगळ्यांनी मिळून त्याला बाहेर काढलं. त्याच्या ओठांतून रक्त येत होतं.

"हललीच न्हाई, आबा," तो पुटपुटला. "मला कळलंच न्हाई."

सरूबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं तिनं त्याच्या तोंडावरून पदर फिरवला आणि त्याचे डोळे मिटले.

गोपाळकृष्ण लॉरीभोवती दोनदा फिरले. "महिपती," ते खालच्या आवाजात म्हणाले, "हिला पुन्हा उभी करता येईल ना?"

महिपतीनं डोईचं मुंडासं सोडून रस्त्यावर अंथरलं, आणि सोपानला त्यावर घ्यायला बायांना हाक मारली.