भाडेकराराची सातवी अट

घाटंजीच्या तहसील कचेरीत एकतीस वर्षं दुसऱ्यांचे सातबारे काढून देण्यात रत्नप्रभाबाईंचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर सगळा फंड घालून त्यांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला दोन खोल्यांचं घर घेतलं. राहायला नव्हे, भाड्यानं द्यायला. घेतलं तेही भर मे महिन्यात, शेजारच्या चार बायांना "बोअरले आत्ता पाणी आहे का?" असं विचारून. हिवाळ्यात घर पाहून भुलणारे आणि उन्हाळ्यात टँकरमागे धावणारे त्यांनी उदंड पाहिले होते.

धास्ती एकच होती, घर हातचं जाण्याची. त्यांच्या वडिलांनी एक खोली ओळखीच्या माणसाला भिडेपोटी, कागद न करता दिली होती. तो बावीस वर्षं निघाला नाही, वडीलच आधी गेले. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

पहिला भाडेकरू घेऊन आले ते थोरले भाऊ श्रीकृष्णराव. त्यांच्या साळ्याचा मुलगा सलील लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागला होता.

"अकरा महिन्याचा करार करू, नोंदणी करून. अन् पोलीस ठाण्यात माहिती देऊ," बाई म्हणाल्या.

"घरच्या पोराले कायचा कागद मांगतं वं?" दादा उखडले. "लोकं माह्या तोंडात शेण घालतीन!"

"घालू दे. ज्याले सही जड जाते, त्याले घर सोडनं त्याहून जड जाते, दादा."

दादा चहा न पिताच उठले. ते गेल्यावर बाईंना रडू आलं, पण बोलावणं काही त्यांनी धाडलं नाही.

घर दोन महिने रिकामं राहिलं. मग नुजहत आली. वसाहतीतल्याच एका कारखान्यात ती माल तपासायचं काम करत होती, सोबत आई हुस्नाबी. नुजहतनं करार ओळीवर बोट ठेवून वाचला. बाईंना ते फार आवडलं. सहा अटी संपल्यावर ती म्हणाली, "मावशी, एक अट राह्यली. घरमालक सांगितल्याबिगर आत येनार नाही."

"माह्याच घरात मी इचारून येऊ? काहून?"

"मागची घरमालकीण दुसऱ्या किल्लीनं कधीबी आत यायची. झाकण काढून भगोन्यात काय शिजून राह्यलं ते पाहायची. एकदा अम्मी आंघोळ करून निघालती, तं ही बाई घरात उभी!"

आता खरं सांगायचं, तर रत्नप्रभाबाईंच्या पर्समध्येही दुसरी किल्ली होतीच. आठवड्यातून एकदा जाऊन डोकावायचं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. आपल्याकडे घरमालकीण म्हटली की तिचा हक्क थेट भाडेकरूच्या चुलीपर्यंत! त्यांनी पेन उचललं, पण हात काही पुढे जाईना. आपल्यालाही सही जड जाते आहे, हे कळलं तेव्हा त्या मनातून ओशाळल्या.

"लिही सातवी," त्या म्हणाल्या. सही करून त्यांनी दुसरी किल्लीही नुजहतसमोर ठेवली.

तीन आठवड्यांनी लोहाऱ्याच्या शेजारणीचा फोन आला, की मोरीकडची भिंत बाहेरून ओली दिसून राह्यली. नुजहत कामावर असल्यानं फोन उचलेना. बाईंनी मिळेल ती एसटी पकडली आणि लोहाऱ्याला पोचल्या. भिंतीवर हातभर ओल चढली होती. आयुष्यभराचा फंड डोळ्यांदेखत भिजत होता. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी पाऊल उचललं आणि मागे घेतलं.

"हुस्नाबी, मी रत्नप्रभा. नळ पाहाचा होता. येऊ का?"

"ठहरो बाई, कपडे बदलून राह्यली," आतून आवाज आला. "पाच मिनिट!"

आत पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. प्रत्येक थेंबागणिक बाईंचा जीव खालीवर होत होता. समोरच्या घरातली बाई खिडकीतून बघत होती, की ही मालकीण अशी दाराबाहेर उन्हात का उभी? बाईंनी पदर डोक्यावर ओढला. पाच मिनिटांची सात झाली, तरी त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.